अगत्ती ते हनीमाधू: सरळ अंतर किती आणि विमानाला वेळ किती?

बर्डीवाला_टूर्स

नमस्कार मंडळी. नागपूरला सीताबर्डीवर बुकिंगचं काम आहे. एका कुटुंबाला लक्षद्वीप आणि मालदीव एकाच दौऱ्यात करायचं आहे. पहिले अगत्ती, तिथून थेट मालदीवच्या उत्तर टोकाचं हनीमाधू, असा त्यांचा बेत. नकाशावर दोन्ही बेटं एका खाली एक दिसतात, त्यामुळे "तासाभराचंच तर आहे" हे त्यांनी धरूनच ठेवलं.

अडचण अशी, की वेबसाइटी वेगवेगळं सांगून राहिल्या आहेत. एक म्हणते ४६६ किमी, १ तास ५ मिनिटं. दुसरी म्हणते २५२ मैल, ३५ मिनिटं. तिसरीवर २९० मैल आणि चौथीवर ४६४ किमी. यातलं खरं कोणतं? हा हिशेब आपला आपण कसा करायचा? आणि तिकिटाच्या खिडकीत ही जोडी टाकली की काहीच का येत नाही? नीट आकड्यांसह सांगा जी, गिऱ्हाइकाला कागदावर दाखवायचं आहे.

---

रेखांश७९

भाऊ, चारही अंतरं बरोबर आहेत, भांडण फक्त एककांचं आहे. २५२ हे नॉटिकल मैल, २९० हे रस्त्यावरचे मैल आणि ४६६ हे किलोमीटर. १ नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, साधा मैल १.६०९ किमी. विमानाच्या कागदांवर नुसतं "मैल" दिसलं तर ते नॉटिकलच समजायचं. ४६४ चं कारण निराळं, ते शेवटी सांगतो.

हिशेब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. अगत्तीची धावपट्टी १०°४९.४′ उत्तर, ७२°१०.६′ पूर्व. हनीमाधू ६°४४.७′ उत्तर, ७३°१०.२′ पूर्व. अक्षांशातला फरक ४°०४.७′, म्हणजे (एका अंशाची ६० मिनिटं धरून) २४४.७ मिनिटं. अक्षांशाचं १ मिनिट म्हणजे १ नॉटिकल मैल, तेव्हा उत्तर-दक्षिण अंतर झालं २४४.७ नॉटिकल मैल. रेखांशातला फरक ५९.६ मिनिटं, पण रेखांश ध्रुवांकडे जाताना जवळ येतात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश ८°४७′, कोसाइन ०.९८८. उत्तर ५८.९. आता पायथागोरस: २४४.७ चा वर्ग अधिक ५८.९ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ २५१.७. गुणिले १.८५२, म्हणजे ४६६ किमी. हजारेक किलोमीटरच्या आत या पद्धतीने फारसा फरक पडत नाही. त्यापुढे मात्र गोलावरचं अंतर काढायचं हॅवरसाइनचं सूत्र वापरा.

हात बसवायला घरचं उदाहरण घ्या. नागपूरचं सोनेगाव विमानतळ २१°०५.५′ उत्तर, ७९°०२.८′ पूर्व, हैदराबादचं शमशाबाद १७°१४.४′ उत्तर, ७८°२५.८′ पूर्व. उत्तर २३३.७ नॉटिकल मैल, म्हणजे ४३३ किमी यायला पाहिजे. नाही आलं तर बहुतेक खालच्या दोनपैकी एक चूक असेल.

पहिली: अंश-मिनिटं दशांशासारखी टाकणं. १०°४९′ म्हणजे १०.४९ नव्हे, १०.८२ (४९ भागिले ६०). दुसरी: एक्सेलमध्ये कोसाइनला थेट अंश देणं. एक्सेलला रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतात, म्हणून आधी रेडियन्स फंक्शन लावायचं. गंमत अशी, की अगत्ती-हनीमाधूला या दोन्ही चुका झाकल्या जातात, पहिली, कारण दोन्हीकडच्या मिनिटांचे आकडे जवळपास सारखेच आहेत; दुसरी, कारण बेटं जवळपास उत्तर-दक्षिण ओळीत आहेत आणि रेखांशाचा वाटा किरकोळ आहे. रेडियनची चूक करूनही २४९ च्या आसपास उत्तर येतं आणि माणसाला वाटतं जमलं. तोच तक्ता पूर्व-पश्चिम जोडीवर चालवला की भलतंच काही निघतं.

४६४ चं कारण: पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्ताजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.६ किमीचा, ध्रुवाजवळ १११.७ किमीचा. गोल धरला तर ४६६, चपटेपणा धरला तर ४६४. तुमच्या कामाला दोन किलोमीटरनी काही बिघडत नाही.

आणि ही रेषा मिनिकॉयच्या पश्चिमेला साधारण २५ ते ३० किमीवरून जाते. मधे नऊ अंश आणि आठ अंश अशा दोन्ही खाड्या ओलांडाव्या लागतात. मिनिकॉयला विमानतळ नाही, म्हणजे वाटेत टेकायलाही जागा नाही.

---

टर्बोप्रॉप_भाऊ

वेळेचं मी सांगतो, कारण खरा घोळ तिथेच आहे.

३५ मिनिटंवाल्या साइटने ४६६ ला ताशी ८०० किमीने भागलं आहे, बस. १ तास ५ मिनिटंवाल्या साइटने त्याच ३५ मध्ये चढ-उताराची म्हणून सरसकट ३० मिनिटं मिळवली. दोघींनीही जेट धरलं आहे. अगत्तीची धावपट्टी १,२०४ मीटरची, तिथे एअरबस ए३२० सारखं जेट उतरतच नाही. मग ८०० चा वेग आणायचा कुठून?

आणि समजा जेट चाललं, तरी ८०० चा फायदा मिळणार नाही. ३५ हजार फुटांवरून उतरायला ढोबळ नियमाने दर हजार फुटांना ३ नॉटिकल मैल, म्हणजे १०५ मैल आधीपासून उतरण सुरू. चढायला साधारण तेवढंच. २५२ मैलांत सरळ उडायला उरले तीस-चाळीस. शिवाय १०,००० फुटांखाली २५० नॉटची (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) वेगमर्यादा असते. एवढ्या छोट्या टप्प्यावर जेटवाला ३५ हजारांच्या भानगडीत पडतच नाही, खालीच राहतो आणि हळूच जातो.

इथे धरायचं ते एटीआर ७२, पंख्यांवर चालणारं टर्बोप्रॉप विमान. समतल उड्डाणात वेग साधारण २७० नॉट, म्हणजे ५०० किमी ताशी. २५२ भागिले २७०, येतात ५६ मिनिटं. चढताना वेग कमी असतो आणि शेवटी धावपट्टीच्या दिशेला वळून यावं लागतं, त्याची १० ते १२ मिनिटं. हवेतला वेळ झाला १ तास ६ ते ८ मिनिटं. टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवर चालण्याची, दोन्हीकडची मिळून दहाएक मिनिटं. वेळापत्रकात छापला जाणारा वेळ, म्हणजे जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा, सव्वा तास ते १ तास २० मिनिटं.

हे ताडून बघायला एक आयती जोडी आहे. कोची-अगत्तीही नेमकी २५२ नॉटिकल मैलांची, ४६८ किमीची. तिचा वेळापत्रकातला वेळ सव्वा ते दीड तास असतो. म्हणजे आपला हिशेब रुळावर आहे.

मात्र अंतर सारखं असलं तरी वारा सारखा लागत नाही. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावर पश्चिमेचा जोरदार वारा. ४० नॉट धरू. कोचीहून अगत्तीला जाताना दिशा सुमारे २७९ अंश, वारा जवळपास समोरून. जमिनीच्या हिशेबाने वेग उरतो २३०, आणि ५६ चे होतात ६६ मिनिटं. परतताना वेग ३०९, वेळ ४९ मिनिटं. जाण्या-येण्यात १७ मिनिटांचा फरक. यात एक खाचही आहे: जाऊन-येऊन वाऱ्याची फिटंफाट होत नाही. वारा नसता तर ११२ मिनिटं, वाऱ्यात ११५. संथ विमानात आणि जोरदार वाऱ्यात हा तोटा वाढत जातो.

अगत्ती-हनीमाधू दिशा १६६ अंश, म्हणजे तोच वारा आडवा. विमानाचं नाक आठेक अंश वाऱ्याकडे वळवून चालावं लागेल, पण वेळेवर परिणाम किरकोळ: जाताना ५५ मिनिटं, येताना ५९.

---

मिहान_मित्र

एवढं किचकट कशाला करता राजेहो? अंतर भागिले ८०० अधिक अर्धा तास, हा नियम चांगला चालतो. इथे ६५ मिनिटं येतात आणि टर्बोप्रॉप भाऊंचेही हवेतले ६६ ते ६८ च आले. उत्तर तेच.

---

टर्बोप्रॉप_भाऊ

तेच आलं, पण योगायोगाने. जास्तीचा वेग आणि जास्तीचा अर्धा तास यांनी एकमेकांना झाकलं. टप्पा बदला की उघडं पडतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे हे दोन विमानतळ आहेत. जगातलं सगळ्यांत छोटं नियमित उड्डाण तिथलं, लोगनएअर १९६७ पासून चालवते. अंतर २.७ ते २.८ किमी. आपल्या सोनेगावची धावपट्टी ३,२०० मीटरची, म्हणजे अख्खा प्रवास तिच्याहून आखूड! तुमच्या नियमाने तिथे ३० मिनिटं लागतील. वेळापत्रकात २ मिनिटं आहेत आणि विक्रम ५३ सेकंदांचा. विमान ब्रिटन-नॉर्मन आयलँडर, दोन पिस्टन इंजिनांचं, आठेक प्रवाशांचं. १३० नॉटने १.५ नॉटिकल मैल म्हणजे ४२ सेकंद, वर धावून उठण्या-टेकण्याचा वेळ. उंची गाठायचा प्रश्नच येत नाही.

त्याच बेटसमूहात कर्कवॉल ते वेस्ट्रे २३.६ नॉटिकल मैल, म्हणजे ४४ किमी. आयलँडरने ११ मिनिटं, वर तीन-चार, एकूण पंधरा. वेळापत्रकही पंधराच सांगतं. कॅरिबियनमध्ये सेंट मार्टिन ते साबा ४५ किमी. तिथे ट्विन ऑटर हे छोटं टर्बोप्रॉप, वेग दीडशे नॉट धरा, १२ ते १५ मिनिटं. साबाची धावपट्टी जेमतेम ४०० मीटर.

म्हणून वरची भर विमानाप्रमाणे घ्यायची. आयलँडर किंवा ट्विन ऑटरला ३ ते ५ मिनिटं, एटीआरला १० ते १२, ए३२० ला १५. टॅक्सीचा वेळ वेगळा, तो विमानतळाच्या आकारावर.

---

रेखांश७९

वेस्ट्रेचा विषय निघालाच आहे तर वरची दशांशाची चूक तिथे बघा. दोन्ही विमानतळ ५९°२१′ उत्तरेवर, रेखांश २°५७′ आणि २°५४′ पश्चिम. फरक ३ मिनिटं, म्हणजे ०.०५ अंश. कोणी २.५७ आणि २.५४ असं टाकलं तर फरक ०.०३ येतो आणि २.८ किमीचे १.७ किमी होतात. चाळीस टक्के गायब. पश्चिम रेखांशाला ऋण चिन्ह लागतं हेही विसरायचं नाही. दोन्ही ठिकाणं पश्चिमेला असली तर विसरूनही फरक पडत नाही, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असलं की गणित कोसळतं.

---

खामला_डिस्पॅच

अंतर-वेळेचं झालं, पण बर्डीवाल्या भाऊंचा तिसरा प्रश्न तसाच राहिला. खिडकीत काही येत नाही, कारण असं उड्डाणच नाही. अंतर काढणाऱ्या साइटी कुठल्याही दोन बिंदूंमधे रेघ ओढून देतात. विमान आहे की नाही हे त्या तपासत नाहीत.

पहिलं कारण कागदी. अगत्तीला इमिग्रेशन आणि कस्टम्स नाही. भारताबाहेर जायचं तर पासपोर्टवर शिक्का बसेल अशा विमानतळावरूनच निघावं लागतं. हनीमाधूला आंतरराष्ट्रीय दर्जा आहे, पण एका टोकाला सोय असून भागत नाही.

दुसरं कारण वजनाचं. एटीआर ७२ ला पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानात उठायला साधारण १,३०० मीटर लागतात. अगत्तीत १,२०४ मीटर आणि तापमान ३० च्या पुढे. गरम हवा विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनाची ताकद कमी. त्यामुळे वजन कापावं लागतं आणि काही जागा रिकाम्या सोडाव्या लागतात. ऐनवेळी सामान मागे ठेवलं जातं तेही यामुळेच. तुमच्या गिऱ्हाइकाला बॅगा हलक्या ठेवायला सांगा. तिकिटावर लिहिलेल्या किलोच्या वर एअरलाइन पैसे घेऊनही नेईलच याची खात्री नसते.

यात इंधन भर घालतं. उतरायचं ठिकाण बंद झालं तर दुसरीकडे जाण्याइतकं इंधन सोबत ठेवावंच लागतं. खुष्कीवर पर्यायी विमानतळ जवळ सापडतो, बेटावर नाही. अगत्तीहून कन्नूर २०९ नॉटिकल मैल, कोझिकोड २२३, कोची २५२. कोचीहून अगत्तीला निघालेल्या एटीआरचा ढोबळ हिशेब तासाला ७०० किलो धरून: प्रवासाचे ८००, अचानक गरजेचे त्याच्या ५ टक्के म्हणजे ४०, कन्नूरपर्यंतचे ६५०, शिवाय टर्बाइन इंजिनाला ३० मिनिटं घिरट्या घालण्याइतका अंतिम साठा सुमारे ३००. एकूण १,८०० किलोच्या आसपास. टाकी ५ टनांची आहे, अडचण टाकीची नाही. अडचण ही, की आखूड धावपट्टीवर प्रत्येक जास्तीचा किलो प्रवाशाच्या वाट्यातून जातो.

पावसाळ्यात आणखी एक. अगत्तीची धावपट्टी ०४/२२, म्हणजे ईशान्य-नैर्ऋत्य. पश्चिमेचा (२७० अंश) २५ नॉटचा वारा २२ च्या, म्हणजे २२० अंशांच्या, दिशेला ५० अंशांनी येतो, आडवा घटक १९ नॉट. कोरड्या पट्टीवर एटीआरला हे जड नाही, पण ओली, आखूड पट्टी आणि पावसाने घटलेली दृश्यता असं तिन्ही जमलं की उड्डाण उशिरा तरी होतं नाहीतर रद्द. जून ते सप्टेंबरमध्ये हा दौरा विकूच नका असं माझं मत.

आता प्रत्यक्ष वाट. अगत्ती-कोची ४६८ किमी, कोची-माले ७३४, माले-हनीमाधू २८६. बेरीज १,४८८ किमी. सरळ रेघेच्या तिपटीहून जास्त. हवेतला वेळ धरला तर एटीआरने १ तास ७, ए३२० ने १ तास ८, परत टर्बोप्रॉपने ४५ मिनिटं, म्हणजे तीनच तास. पण मधल्या दोन थांब्यांमुळे पूर्ण दिवस जातो, जुळलं नाही तर कोचीला मुक्काम. कोचीत देशांतर्गत टर्मिनल १ आणि आंतरराष्ट्रीय ३, इमारती वेगळ्या. तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर असतील तर सामान घेऊन बाहेर या, पलीकडे जा, पुन्हा चेक-इन करा. अगत्तीचं विमान उशिरा आलं आणि मालेचं सुटलं तर दुसरी एअरलाइन जबाबदारी घेत नाही. चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. कोचीला एक रात्र ठेवली तर उत्तमच.

---

बर्डीवाला_टूर्स

जबरदस्त. गिऱ्हाइकाला रात्री कोचीतच ठेवतो. एकच शंका उरली. कोची-मालेच्या एका वेळापत्रकात दुपारी १२ ला सुटून १ ला पोचतं असं दिसतं, दुसरीकडे उड्डाणवेळ १ तास ३० मिनिटं. पुन्हा तोच गोंधळ का?

---

खामला_डिस्पॅच

नाही, हे घड्याळाचं आहे. मालदीव भारताच्या अर्धा तास मागे. पोचायची वेळ तिथली छापतात, त्यामुळे जाताना वजाबाकीत अर्धा तास कमी येतो आणि परतताना अर्धा तास जास्त. खरा वेळ दीड तास. थांब्यांची गणना करताना सगळ्या वेळा आधी भारतीय करून घ्या, मग वजा करा. वर काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेच्या तासभर पुढे ठेवतात, म्हणून बोट किती वाजता निघणार हे विचारताना "कोणत्या वेळेने" हेही विचारा.

कागदांचं: लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तो हातात आल्याशिवाय अगत्तीचं न परतावा तिकीट काढू नका. मालदीवचा व्हिसा पोचल्यावर मिळतो, पण आयमूगा नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरावा लागतो. त्याआधी भरायला गेलं तर घेत नाही. लक्षद्वीप आधी असल्यामुळे हा फॉर्म भरायची वेळ बहुतेक ते लोक बेटावर असतानाच येईल, आणि तिथे इंटरनेटचा भरवसा कमी. पासपोर्टचे स्कॅन आणि फोटो तुमच्याकडे ठेवून घ्या, बर्डीवरूनच भरून टाका आणि क्यूआर कोड त्यांना पाठवा.